हृदय बंद पडलं, म्हणजे कशाने?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी संतापायचं नाही म्हणून बजावलं. तरी कुणी सहज म्हणालं, "अमके गेले, हार्टने गेले," की माझ्या तोंडून निघतंच, "हार्टने म्हणजे कशाने?" बायको डोळे वटारते. सांत्वनाला गेलेल्या माणसाने उलटतपासणी घेऊ नये, हे मलाही कळतं. पण लखनऊमधलं ते प्रकरण ज्याने हाताळलं, त्याला गप्प बसवत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी उत्तर प्रदेश पोलिसांत सर्कल ऑफिसर होतो, म्हणजे तीन-चार ठाण्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. छावणीतली मराठी फौजी कुटुंबं आणि बँकांत बदलून आलेली मंडळी गणपतीत आरतीला बोलवायची. बाकी वर्षभर मी 'सीओ साहब'. पावसाळा सरत होता. एका सकाळी निशातगंजकडच्या ठाण्याच्या इन्स्पेक्टरचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"सर, मर्डर है. बहू ने ससुर को ज़हर देकर मार डाला. अब सास की बारी है."

"पुरावा?"

"पूरा डिब्बा बरामद किया है, सर."

प्रकरण असं होतं. निशातगंजच्या मागच्या एका गल्लीत निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून असे चौघे राहत. शिक्षक काही दिवस आजारी पडून वारले. पाठोपाठ त्यांच्या पत्नीच्या अंगावर सूज आली, दम लागू लागला, तिला सरकारी रुग्णालयात हलवलं. मुलानेही अंथरूण धरलं. फक्त सून ठणठणीत. तशात ठाण्यात निनावी फोन आला, की या सुनेने चारबाग स्टेशनवर एका अनोळखी माणसाकडून पत्र्याचा डबा घेतला आणि त्यानंतर घरात आजारपण सुरू झालं. त्याच दिवशी शिक्षकांच्या मुलीने, म्हणजे सुनेच्या नणंदेने, लेखी तक्रार दिली. ही नणंद लग्न होऊन शहरातच पलीकडच्या भागात राहत होती. वहिनीने विष घातलं, असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं.

निनावी फोन करणाऱ्यांबद्दल माझा एक अनुभव आहे. ही माणसं सहसा खोटं बोलत नाहीत. खिडकीतून जे दिसलं ते बरोबर सांगतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांच्या पदरचा असतो. इथेही डबा खरा होता.

मी ठाण्यावर गेलो तर व्हरांड्यातल्या बाकावर पंचविशीची एक बाई बसलेली. डोळे सुजलेले, ओठ कोरडे. इन्स्पेक्टरला विचारलं, "अटक दाखवली आहे का?"

"नहीं सर, बस पूछताछ के लिए बैठाया है."

या 'बैठाया है'ची मला मनस्वी चीड होती. कायद्यात अटक आहे, जामीन आहे, सुटका आहे. 'बसवणं' कुठल्याही कलमात नाही. तरी देशभरच्या ठाण्यांत माणसं बसवलेली असतात. आदल्या दुपारपासून ती तशीच होती आणि कुणी तिला पाणीही विचारलं नव्हतं. मी सगळ्या स्टाफसमोर इन्स्पेक्टरची हजेरी घेतली आणि तिला आत बोलावलं. नावाची पाटी वाचून ती थबकली.

"साहेब, तुम्ही मराठी?"

"हो. बसा. आधी चहा घ्या, मग सांगा."

तिचे वडील सातारा जिल्ह्यातले, फौजेत सुभेदार. लखनऊ छावणीत पोस्टिंग असताना ती इथेच शिकली, कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं. वडील निवृत्त होऊन गावी गेले, ही इथे राहिली.

"डब्यात काय आहे?"

"शेंगदाण्याचं तेल, साहेब. घाण्याचं. सुट्टीवरून परतणारा कुणी फौजी असला की पप्पा त्याच्याबरोबर पाठवतात. मी चारबागला जाऊन घेते."

"लखनऊत तेल मिळत नाही?"

"मिळतं ना, पण सगळं सरसों का, मोहरीचं. ते तापलं की माझं डोकं असं चढतं की बस. लग्न झालं तेव्हाच अम्माजी म्हणाल्या, 'बहू, तुम अपनी कढ़ाई अलग रख लो.' तेव्हापासून माझी सब्जी मी वेगळी करते."

"आणि घरच्यांची?"

"तीपण मीच करते. त्यांच्या तेलात."

इथेच सगळं अडलं. सगळ्या घराचा स्वयंपाक हिच्या हातचा आणि हिचं पान वेगळं. सगळे आजारी, ही धडधाकट. दारात उभा असलेला इन्स्पेक्टर माझ्याकडे पाहून गालात हसला. "सर, अब और क्या चाहिए?" डब्यातल्या तेलाचा नमुना सील करून त्याने तपासणीला पाठवूनही दिला होता.

खरं सांगायचं तर न्यायालयात हे चित्र तिच्या विरुद्धच दिसलं असतं. पण सासरे मेले कशाने, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शवविच्छेदन नाही, व्हिसेरा नाही. देह गोमतीकाठी जळून गेलेला. हाती उरला होता गल्लीतल्या डॉक्टरने दिलेला कागद. त्यावर मृत्यूचं कारण म्हणून एकच ओळ होती, हृदयक्रिया व श्वसन बंद पडले.

त्या बाईला मी बोलावल्यावर हजर राहण्याचं लिहून घेऊन सोडलं. सासरचं दार तिच्यासाठी बंद झालं होतं. नवरा खाटेवर पडून छताकडे पाहत होता, एक शब्द बोलायला तयार नव्हता. शेवटी छावणीतल्या एका मराठी हवालदाराच्या कुटुंबाने तिला ठेवून घेतलं. मी बजावलं, विचारल्याशिवाय छावणीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मग मी त्या डॉक्टरला गाठलं. "आजार काय होता?"

"साहब, बुज़ुर्ग आदमी थे. दिल बैठ गया."

"दिल बैठा क्यों?"

"अब इस उम्र में..." त्याने हात पसरले. "घरवालों को अंतिम संस्कार की जल्दी थी. लिखकर दे दिया."

"पाय पाहिले होते? बायकोसारखी सूज होती?"

त्याने पाय पाहिले नव्हते. नाडी नाही एवढं पाहून कागद लिहिला होता. मला विचाराल तर हृदय बंद पडल्याशिवाय कुणी मरतच नाही. फाशी दिलेल्याचं बंद पडतं, नदीत बुडालेल्याचंही पडतं. हे काय कारण झालं? आणि हे लिहिणारा अंगठेबहाद्दर नव्हता, भिंतीवर त्याची पदवी चौकटीत लावलेली होती.

असे कागद पुढे जातात कुठे, या चौकशीत मी राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य कार्यालयात पोचलो. तिथे मृत्यूच्या कारणांची छाननी एका डॉक्टर बाईंकडे होती. पन्नाशीच्या, करड्या स्वभावाच्या. मी विषय काढताच म्हणाल्या, "हमारे यहाँ सब दिल से मरते हैं, सीओ साहब."

त्यांनी मला सगळी साखळी समजावली. डॉक्टर कारण लिहितो. ते स्थानिक निबंधकाकडे जातं, तिथून या कार्यालयात येतं. इथे प्रत्येक कारणाला ठरलेला आंतरराष्ट्रीय संकेतांक देतात आणि सगळ्या राज्यांची गोळाबेरीज दिल्लीत होते. कारण मोघम असेल तर डॉक्टरला पत्र पाठवून मूळ आजार विचारायचा, हा नियम. हृदय कशामुळे थांबलं, ते ज्याने थांबवलं ते कशामुळे झालं, असं मागे मागे जायचं. बाई तशी पत्रं पाठवत. उत्तर येत नसे. मग तो मृत्यू हृदयाच्या नाहीतर अज्ञाताच्या ढिगात जाई.

"इन्हीं आँकड़ों पर सरकार तय करती है कि दवा कहाँ भेजनी है, डॉक्टर कहाँ. काग़ज़ पर दिल लिखा है तो सब दिल का इलाज करेंगे. असली बीमारी आराम से घूमती रहेगी."

"याची पडताळणी कुणीच करत नाही?"

"गाँव में होती है." त्यांनी सांगितलं, की निवडलेल्या गावांत आरोग्य कर्मचारी मृताच्या घरी जाऊन लक्षणं विचारतो, मग वरचा अधिकारी काही घरी स्वतंत्रपणे जाऊन तेच पुन्हा विचारतो, आणि दोघांचं जुळलं नाही तर फेरचौकशी होते. "गाँव में डॉक्टर नहीं है, इसलिए पूछते हैं. शहर में डॉक्टर है, इसलिए कोई पूछता ही नहीं."

मी निघताना त्या म्हणाल्या, की निशातगंजच्या बाजूने या मोसमात 'दिल' जरा जास्तच आले आहेत, आणि त्यांत तिशीतली एक बाईही आहे. "आप तो घर-घर जा सकते हैं. किससे मरे, यह मत पूछिए. मरने से पहले क्या-क्या हुआ, वह पूछिए."

आठ-दहा दिवसांनी नणंद माझ्या कार्यालयात येऊन थडकली. रडून रडून आवाज बसलेला.

"आपने अपनी मराठी लड़की को छोड़ दिया, और वहाँ मेरी अम्मा की साँस टूट रही है!"

टोमणा झोंबला, पण मी गिळला. आईचा जीव धोक्यात असलेल्या मुलीच्या शब्दांचं वजन करत बसायचं नसतं. मी विचारलं, "अम्मांना खायला कोण देतं?"

"मैं. और कौन देगा? भैया के घर में बनाती हूँ, वहीं भैया के साथ खाती हूँ, फिर टिफ़िन लेकर अस्पताल जाती हूँ."

बोलता बोलता तिने चप्पल काढून पाय मोकळे केले. दोन्ही पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उठले होते.

"पायांना काय झालं?"

"दौड़-धूप से सूज गए हैं."

"जरा बोटाने दाबून बघा."

तिने घोट्यापाशी अंगठा रोवला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे पाहत राहिली आणि मी तिच्याकडे.

"स्वयंपाक कुठल्या तेलात करता?"

"घर के तेल में. वही जो डिब्बे में रखा है, सरसों का."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संतापाने कानशिलं तापली. जिच्यावर संशय ती छावणीत, या घरापासून दूर. तरी सासू खालावते आहे आणि तक्रार करणारीचेच पाय सुजले आहेत. त्या घरात एकच स्वच्छ तेल होतं आणि नेमकं तेच आम्ही लाख लावून सील केलं होतं. आणि जे तेल माणसं मारत होतं, त्यात रोज ताजी भाजी होऊन रुग्णालयात पोचत होती! मी तिथल्या तिथे रुग्णालयाला फोन लावला, घरचं अन्न बंद करायला सांगितलं, आणि हिलाही माझ्या गाडीत घालून तपासणीला पाठवलं.

त्या दिवसापासून मी स्वतः घरोघर फिरलो. डॉक्टर बाईंचा सल्ला मी अक्षरशः पाळला, कारण नेहमीच्या प्रश्नाला नेहमीचंच उत्तर येत होतं. "कसे गेले?" "दिल का दौरा, साहब." आणि तोच प्रश्न फिरवून विचारला, की माणसं बोलू लागत. तिशीतल्या त्या बाईची सासू म्हणाली, "पहले दस्त लगे. फिर पैर भर गए, लाल-लाल, जलते थे. फिर सीढ़ी चढ़ते हाँफने लगी." पुढच्या घरी तेच, त्याच क्रमाने: आधी जुलाब, मग पायांना सूज, मग दम. त्यापुढच्याही घरी तेच. एकाही घरी याआधी कुणी हे विचारलं नव्हतं. मग माझा शेवटचा प्रश्न असे, की तेल कुठून आणता? बोट एकाच दुकानाकडे जाई. सुटं तेल, दुकानामागेच गाळलेलं.

अन्न निरीक्षकाला बरोबर घेऊन मी दुकानाची झडती घेतली, तेलाचे आणि मागच्या गोदामातल्या बियांचे नमुने घेतले. दुकानदार पान चघळत समोर बसला. अतिशय अदबशीर माणूस. माझ्या सात पिढ्यांना कधी लागली नसतील अशी विशेषणं त्याने मला लावली.

"हुज़ूर, शुद्ध सरसों है. बाप-दादा के ज़माने से यही काम है."

"आपके घर में कौन-सा तेल आता है?"

"जी?"

"घरी. स्वयंपाकघरात. तुमची मुलंबाळं काय खातात?"

त्याचं चघळणं थांबलं. "डॉक्टर ने रिफ़ाइंड बताया है."

"सगळ्यांना? लहान पोरांनाही?"

मी एका शिपायाला त्याच्या घरी पाठवायची भाषा केली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला. चौकशीत एक गोष्ट मी शिकलो आहे. माणूस धंद्याबद्दल कितीही खोटं बोलेल, पण स्वतःच्या चुलीबद्दल खोटं बोलायला त्याला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत तो बोलला. मोहरीत मिसळून आलेलं स्वस्त बी त्याने घेतलं होतं. लोकांचे पाय सुजताहेत हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून त्याने काय करावं? घरचं तेल बदललं! गिऱ्हाइकांचं तसंच चालू ठेवलं.

ते बी होतं भडभाडचं. आपल्याकडे त्याला पिवळा धोत्रा म्हणतात. पडीक जमिनीत उगवतो, पानांना काटे असतात, आणि बी दिसायला हुबेहूब मोहरीसारखं. त्याचं तेल पोटात गेलं की अंगात पाणी साठतं आणि पुढे हृदय खरोखरच निकामी होतं. प्रयोगशाळेने भेसळीवर शिक्कामोर्तब केलं, रुग्णालयाने आजाराला नाव दिलं, ड्रॉप्सी. सासू, नवरा आणि नणंद तेल थांबल्यावर हळूहळू बरे झाले. सुनेच्या डब्याचाही अहवाल आला. शुद्ध शेंगदाणा तेल.

नवरा तिला न्यायला माझ्या कार्यालयात आला. म्हणाला, "मैंने तो कभी शक नहीं किया."

ती म्हणाली, "हाँ. पर बोले भी तो नहीं."

गेली ती त्याच्याबरोबरच. प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण न्यायालयात दुकानदाराच्या वकिलाने गल्लीतल्या डॉक्टरचा तो कागद फडकवला. मृत्यू हृदय बंद पडून झाला, असं खुद्द डॉक्टर लिहितो, मग माझ्या अशिलाच्या तेलाचा काय संबंध? आरोपी जामिनावर सुटला आणि पुन्हा गल्लीत पान चघळत फिरू लागला. भेसळीचा खटला चालला, मृत्यूचा मात्र लटकला.

काही दिवसांनी ती सून आली. "साहेब, गल्लीत अजून कुजबुज आहे. तेलाने बाकीचे आजारी पडले असतील, बाबूजींना मात्र हिनेच काहीतरी दिलं, असं म्हणतात. बाबूजींच्या कागदावर दिल लिहिलंय ना. दिल म्हणजे काहीच नाही. जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे लोक माझं नाव भरतात. मला तो कागद बदलून पाहिजे."

मी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, मी खोटं काय लिहिलं? हृदय बंद पडलंच होतं. स्थानिक नोंदणी कार्यालयात गेलो, तर तिथला अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "साल के आँकड़े ऊपर जा चुके, साहब. अब एक आदमी का कारण बदलने से क्या फ़र्क़ पड़ेगा?" मी टेबलावर हात आपटला, शाईची दौत उलटली. एका माणसाने काय फरक पडतो, हे आकडे सांभाळायला बसवलेला माणूस म्हणतो! एकेक माणूस मिळूनच आकडा होतो ना? की आकडे आभाळातून पडतात?

शेवटी त्या करड्या डॉक्टर बाईंनी सूत्रं हाती घेतली. रुग्णालयाचे कागद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कुटुंबाने सांगितलेली लक्षणं जोडून त्यांनी डॉक्टरला रीतसर विचारणा पाठवली, उत्तर नाही म्हणून पुन्हा पाठवली. सून स्वतः त्याच्या दवाखान्यात जाऊन रोग्यांच्या बाकावर बसू लागली. तो वैतागला, चिडला आणि अखेर त्याने लिहून दिलं. नोंदीत दुरुस्ती झाली. त्या वर्षीची गोळाबेरीज बदलली की नाही ते मला कळलं नाही, आणि बदलली असेल असं मला वाटतही नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? खुनी माणूस पकडता येतो, कारण त्याला मारल्याचं भान असतं. पण विचार न करता ओळ खरडणाऱ्याला कुठल्या कलमाखाली पकडायचं? त्याच्या एका ओळीने एक निर्दोष बाई खुनी ठरत होती, आणि पलीकडच्या घरांत माणसं सुजून मरत होती. तपासात मी पुढे कधीही पहिलं उत्तर कारण म्हणून स्वीकारलं नाही. हाताखालच्यांनाही स्वीकारू दिलं नाही, त्यासाठी मला तऱ्हेवाईक ठरवलं गेलं तरी.

शिक्षकांच्या वर्षश्राद्धाला त्या घरून बोलावणं आलं. अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या, सगळे नातेवाईक, गल्लीतली माणसं जमली होती. सासू भिंतीला टेकून बसली होती. ब्राह्मणांची पानं उठल्यावर सून उठली, डॉक्टरचा नवा कागद घेऊन नणंदेसमोर उभी राहिली.

"दीदी, पढ़ दीजिए."

नणंदेने कागद घेतला, डोळ्यांनी वाचला, घडी करू लागली. "पढ़ लिया."

"ऐसे नहीं. ठाण्यात जेवढ्या मोठ्याने बोललात..." ती मराठीत सुरू झाली, थांबली, आणि पुन्हा हिंदीत म्हणाली, "थाने में जितनी ज़ोर से बोली थीं, उतनी ज़ोर से."

सासूने मुलीकडे पाहून 'वाच' म्हणून मान हलवली. नणंद उभी राहिली, पदर सावरला आणि वाचू लागली. वडिलांचं नाव, वय, मग कारण. भेसळीच्या तेलामुळे, इथपर्यंत येऊन ती अडखळली.

सून म्हणाली, "शुरू से, दीदी." आणि नणंदेने पुन्हा पहिल्यापासून, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.